अंड्याची खरी किंमत

साल्मोनेला नामक जंतूची खोडी अशी, की पोसलेल्या मोठ्या कोंबडीस तो सहसा आजारी पाडीत नाही. ती सुखाने दाणे टिपते, अंडी घालते. अतिसाराने अंथरुणास खिळतो तो खाणारा. मग लसीचा खर्च कोंबडीवाल्याने कां सोसावा?

डिसेंबर १९८८ मध्ये इंग्लंडच्या कनिष्ठ आरोग्यमंत्री एडविना करी बोलून गेल्या, की देशांतील बहुतेक अंडी-उत्पादनांत हा जंतू शिरला आहे. बोलणे अतिशयोक्त होते. दोन आठवड्यांच्या आंत त्यांना पद सोडावे लागले. परंतु गिऱ्हाइकाने पाठ फिरविली, लक्षावधि कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हां कोठे स्वच्छता कोंबडीवाल्याच्या हिशेबांत आली! १९९८ पासून अंड्यावर सिंहाचा शिक्का हवा, तर कोंबड्यांस लस देणे बंधनकारक झाले. २०१७ मध्ये तेथील अन्नखात्याने ही अंडी गर्भवती, बालके व वृद्ध यांनाही अर्धकच्ची खाण्याची मोकळीक दिली.

आमच्या गांवच्या बाजारांत असा शिक्का नाही. म्हणून बलक घट्ट होईतों अंडे शिजवावे, असे आम्ही सुचवितो. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊं नये. शिंतोड्यांबरोबर जंतू भांड्यांवर उडतात. आमच्या स्वयंपाकीणबाईंना हे अद्याप पटलेले नाही.