चाकाच्या तुंब्यांत काय असतें?

गेल्या खेपेस या सदरांत आपण प्रेशर कुकरच्या शिटीचा विचार केला. या वेळीं विषय थोडा घराबाहेरचा आहे. पण त्याची आठवण आमच्या घरांतल्याच एका मंगल कार्यानें करून दिली.

गेल्या वैशाखांत आमच्या पुतण्याचें लग्न झालें. मुलीकडचीं मंडळी कोल्हापूरचीं, मुहूर्त गोरज. चाळीस माणसांची बस ठरवून आम्ही सकाळीं पुण्याहून निघालों. कऱ्हाड मागें पडलें आणि मागील बाकावर बसलेल्या वहिनींना कांहीं तरी जळत असल्याचा वास येऊं लागला. चालकानें गाडी कडेला घेतली. मागच्या डाव्या चाकाच्या मध्यभागांतून धूर निघत होता व टायरच्या आंतल्या अंगास काळ्या तेलाचे ओघळ आले होते. चालकानें पाण्याचे चार थेंब शिंपडले, ते तापल्या तव्यावर पडावेत तसे चर्र करून उडाले. दुसरी गाडी येईपर्यंत अडीच तास गेले. गोरज टळला व रात्रीं नवाचा मुहूर्त धरावा लागला. थोरल्या काकूंचा राग दुसऱ्या दिवशीं मांडवपरतणीपर्यंत उतरला नाहीं.

मागाहून आलेल्या मिस्त्रीनें चाक उतरविलें व एक काळें रबरी कडें माझ्या हातावर ठेवलें. "हें ऑइल-सील गेलें होतें, साहेब. पंधरा दिवसांमागें मीं मालकांना सांगितलें होतें. ते म्हणाले, पुढल्या फेरीनंतर पाहूं." काकूंना मुहूर्ताची हळहळ वाटत होती, मला मात्र निराळीच भीति वाटली. हाच प्रकार दोन तास आधीं खंबाटकीच्या घाटांत झाला असता तर? एवढ्याशा कड्यावर चाळीस माणसांचा जीव कसा अवलंबून असतो, हें आज पाहूं.

अवजड गाडीचें ओझें एका ठराविक वाटेनें खालीं उतरतें. माणसें व सामान यांचा भार प्रथम गाडीच्या सांगाड्यावर, म्हणजे चॅसीवर पडतो. चॅसीची आकृति शिडीसारखी असते : दोन लांब पोलादी बाजू व त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. ही शिडी अगदीं ताठ ठेवीत नाहींत. रस्ता उंचसखल असला म्हणजे ती किंचित् पिळली जावी व पुन्हां सरळ व्हावी, अशीच तिची रचना असते. तिच्या बाजूंच्या वरच्या व खालच्या कडांवर सर्वांत अधिक ताण येतो. म्हणून तेथें मनास येईल तसें भोंक पाडणें म्हणजे भेगेला आमंत्रण देणें होय.

सांगाड्याच्या खालीं कमानी. एकावर एक रचलेल्या, उतरत्या लांबीच्या पोलादी पाट्यांची ही जुडी आपण सर्वांनीं पाहिलेली आहे. खड्डा आला कीं पाटे वांकतात व एकमेकांवर घासतात. त्या घर्षणांत धक्क्याचा कांहीं जोर जिरतो. अशा लांबट कमानी घोड्याच्या गाड्यांना बसविण्याची सनद इंग्लंडांत ओबादाया इलियट यानें १८०४ सालीं घेतली. हल्लींच्या पुष्कळ बसगाड्यांत पाट्यांच्या जागीं हवेच्या पिशव्या असतात, काम तेंच.

कमानींवरून भार आंसावर येतो, आणि येथें खरी अडचण उभी राहते. आंस जागच्या जागीं राहावयाचा आणि चाक तर फिरावयाचें! या दोहोंमध्यें घासाघीस अटळ आहे. बैलगाडींत लांकडी तुंबा लोखंडी आंखावर सरळ घासतो. म्हणून गाडीवान एरंडेलाचें वंगण घालतो, आणि तरीहि तुंबा कुरकुरतोच. पण घरांतली धान्याची जड कोठी हलवितांना आपण काय करतों? तिच्याखालीं दोन-तीन गोल दांडके सरकवितों. ओढण्यापेक्षां लोळविणें सोपें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. बेअरिंग म्हणजे हीच युक्ति वर्तुळांत बसविलेली.

युक्ति जुनी आहे. इटलींतील नेमी सरोवराचें पाणी १९२८ नंतर उपसलें, तेव्हां तळाशीं रोमन बादशहा कॅलिग्युला याच्या काळचीं जहाजें सांपडलीं. त्यांत फिरत्या चौथऱ्याखालीं बसविलेले लांकडी गोळे मिळाले. गाडीच्या आंसाभोंवतीं गोळे बसविण्याची सनद वेल्समधील फिलिप वॉन यानें १७९४ मध्यें घेतली. परंतु सर्व गोळे तंतोतंत सारखे नसतील तर सगळा भार मोठ्या गोळ्यांवर पडतो व ते लवकर फुटतात. ही अडचण जर्मनींतील श्वाइनफुर्ट गांवीं फ्रीड्रिख फिशर यानें १८८३ मध्यें दूर केली. पोलादी गोळे एकसारखे घांसणारें यंत्र त्यानें बनविलें. यांनाच आपले कारागीर छर्रे म्हणतात.

बसच्या चाकास मात्र छर्रे पुरत नाहींत. तेथें वरून भार असतोच, शिवाय वळणावर चाक बाजूसहि रेटलें जातें. त्यासाठीं एका टोंकास निमुळतीं अशीं पोलादी लाटणीं वापरतात. ही कल्पना अमेरिकेंतील गाडी बनविणारे हेन्री टिमकेन यांची. तिची सनद १८९८ ची आहे. तुंब्यांत अशा लाटण्यांचे दोन संच परस्परविरुद्ध दिशेनें बसवितात, म्हणजे गाडी डावीकडे वळो वा उजवीकडे, रेटा घेण्यास कोणी तरी सज्ज असतें. यांत आणखी एक मौज आहे. भार खालच्या अंगास असलेल्या लाटण्यांवर पडतो. चाक फिरलें कीं तीं वर जाऊन विसांवा घेतात व दुसरीं खालीं येतात. भरल्या घरांत सुनांच्या पाळ्या असतात, तसाच हा प्रकार!

परंतु पाळी कितीहि नीट लावली तरी ओझें वाढलें कीं तीं थकतातच, आणि हिशेबापेक्षां फार लवकर थकतात. या प्रकारच्या बेअरिंगवर भार दुप्पट केला तर त्याचें आयुष्य निम्मे होत नाहीं, सुमारें दहावा हिस्सा उरतें. केवळ वीस टक्के भार वाढविला तरी आयुष्य जवळजवळ अर्ध्यावर येतें. चाळिसांच्या गाडींत पन्नास माणसें बसवून वर टपावर आहेराच्या पेट्या चढविणाऱ्यानें हें गणित ध्यानांत ठेवावें.

आतां त्या रबरी कड्याकडे वळूं. लाटण्यांना सतत तेल किंवा ग्रीस पाहिजे. तें आंत राखावें आणि पाणी, चिखल व धूळ बाहेर ठेवावी, हें दुहेरी काम सील करतें. त्याच्या रबराचा पातळ ओंठ आंसावर टेकलेला असतो व आंतील बारीक गोल स्प्रिंग त्यास हलकेंच आवळून धरते. ओंठ झिजला कीं दोन अनर्थ एकदम ओढवतात. वंगण गेल्यानें पोलाद पोलादावर घासून तापतें. कालांतरानें चाक जाम होतें, पेट घेतें, प्रसंगीं निखळूनहि जातें. दुसरा अनर्थ याहून कपटी : गळलेलें तेल ब्रेकच्या लायनरवर पसरतें. सपाटीवर तें कळत नाहीं. उतारावर पाय दाबला म्हणजे मात्र कळतें, आणि तेव्हां उशीर झालेला असतो.

याउपर गृहस्थानें काय करावें? बस ठरवितांना आपण पडदे, गाद्या व भाडें यांची चौकशी करतों. त्याच वेळीं चाकांची बेअरिंगें व सीलें शेवटीं केव्हां तपासलीं, हेंहि विचारावें. पहिल्या चहाच्या मुक्कामास घरांतील एखाद्या जाणत्या मुलानें गाडीभोंवतीं फेरी मारावी. टायरच्या आंतल्या अंगास तेलाचे ओघळ दिसतात काय, एखाद्या तुंब्याची धग इतरांहून अधिक लागते काय, हें त्यानें पाहावें. हात मात्र लावूं नये. चालतांना एका चाकापासून वेगासरशीं वाढणारी घरघर आली किंवा जळका वास आला, तर गाडी थांबविण्यास सांगण्यांत संकोच धरूं नये. आमच्या वहिनींनीं संकोच केला नाहीं, म्हणून आज हा मजकूर लिहितां येत आहे.

काकू अजूनहि त्या मुहूर्ताबद्दल हळहळतात. मीं तें फाटकें सील माझ्या टेबलावर ठेवलें आहे. बँकेचें काम, दाताचें दुखणें, गळका नळ, यांपैकीं कशालाहि "पुढल्या फेरीनंतर पाहूं" असें म्हणण्याचा मोह झाला कीं माझी नजर त्याकडे जाते.