वर कुणी नाही, खाली मात्र आहे

परवा भाचीच्या लग्नात मांडवावर ड्रोन घिरट्या घालत होता. मुलं त्याच्यामागे धावत होती, बायका पदर सारखे करत वर बघून हसत होत्या. शेजारी बसलेल्या सत्तरीच्या मावशींनी मात्र हळूच विचारलं, "अगं, लढाईत सोडतात ते हेच का?" म्हटलं, "हो, तसंच. पण बॉम्ब लावलेलं." मावशी म्हणाल्या, "वरून सगळं दिसतं ना त्याला? मग खाली कोण आहे ते दिसूनही टाकतात?"

मला आठवली मामना बीबी. पाकिस्तानातल्या उत्तर वझिरिस्तानची आजी, मावशींच्याच वयाची. २४ ऑक्टोबर २०१२ रोजी, ईद तोंडावर आलेली असताना, ती शेतात भेंडी तोडत होती. नातवंडं आसपासच होती. अमेरिकेच्या ड्रोनने सोडलेल्या क्षेपणास्त्राने आजी जागीच गेली, नातवंडं जखमी झाली. पुढच्या वर्षी तिचा शाळामास्तर मुलगा दोन लेकरांना घेऊन थेट वॉशिंग्टनला गेला. तेरा वर्षांच्या झुबेरने तिथं सांगितलं, की मला आता निळं आभाळ आवडत नाही. आभाळ ढगाळ असलं की ड्रोन येत नाहीत. हे ऐकायला अमेरिकी संसदेचे जेमतेम पाच सदस्य आले होते.

'मानवरहित विमान' हा शब्दच फसवा आहे, मैत्रिणींनो. विमानात माणूस नसतो, पण ते चालवणारा असतो. हजारो मैल दूर, नेवाडाच्या वाळवंटातल्या हवाई तळावर, पडद्यासमोर. पाळी संपली की तो गाडी काढून घरी जातो, मुलांबरोबर जेवतो. त्यातल्या काहींची झोप उडाली, मनं आजारी पडली, हेही खरं.

आता कुणी म्हणेल, आपला जवान तरी वाचतो ना? मान्य. लेक सीमेवर असलेल्या कुठल्याही आईला विचारा, ती म्हणेल, माझ्या मुलाऐवजी यंत्र जाऊ दे. मीही तेच म्हणेन. पण मनात एक शंका राहतेच. गावात तिरंग्यात लपेटलेली शवपेटी येते, तेव्हा सगळं गाव गप्प होतं आणि लढाई खरंच हवी होती का, हा प्रश्न कुणाच्या तरी मनात येतो. व्हिएतनामच्या वेळी अमेरिकेतही असंच झालं होतं. शवपेट्याच येईनाशा झाल्या, तर हा प्रश्न विचारायचा कुणी? पाकिस्तानात २००४ ते २०१८ अशी चौदा वर्षं हे हल्ले झाले, युद्ध जाहीर न करता!

आणि आता हे श्रीमंत देशांपुरतं राहिलेलं नाही. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजू काहीशे डॉलरचे ड्रोन वापरतात. खेरसन शहरात बाजाराला निघालेल्या, बसथांब्यावर उभ्या असलेल्या साध्या माणसांचा रशियन ड्रोनांनी पाठलाग केला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०२५ मध्ये त्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटलं. आपल्याकडेही मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतर, पाकिस्तानातून शेकडो ड्रोन आले. बहुतेक आपल्या सैन्याने पाडले. तरी पंजाबात फिरोजपूर जिल्ह्यातल्या एका घराला ड्रोनमुळे आग लागून तिघं भाजली. त्यातली घरची बाई काही दिवसांनी गेली. ती काही रणांगणावर नव्हती, आपल्याच घरी होती.

म्हणजे रणांगण आता उंबऱ्यापर्यंत आलंय. पूर्वी पुरुष लढाईला जायचे, बाया वाट बघायच्या. आता लढाईच घर शोधत येते.

दोष यंत्राचा नाही. आपल्याच बचत गटांतल्या 'ड्रोन दीदी' त्याच यंत्राने शेतात फवारणी करताहेत, चार पैसे मिळवताहेत. त्यांचं कौतुक वाटतं. प्रश्न आहे तो यंत्र चालवणाऱ्या हाताचा, आणि त्या हाताला जाब विचारणाऱ्यांचा.

तेव्हा टीव्हीवर पुन्हा कधी अचूक नेम लागल्याची बातमी दिसली, मग तो नेम कुणाचाही असो, टाळी वाजवण्याआधी मावशींचा प्रश्न आठवून बघा. खाली कोण होतं? भेंडी तोडणारी आजी तर नव्हती ना?