तेलाआधीचा नॉर्वे

नॉर्वेच्या श्रीमंतीची गोष्ट बहुतेक वेळा 1969 पासून सांगितली जाते. त्या वर्षअखेरीस उत्तर समुद्रात एकोफिस्क इथं मोठा तेलसाठा हाती लागला आणि मासे, लाकूड व जहाजांवर जगणाऱ्या देशाचं नशीब उघडलं, असा त्या गोष्टीचा सूर असतो. पण तेल व्हेनेझुएलात आणि नायजेरियातही सापडलं. नॉर्वेच्या अर्वाचीन इतिहासातला निर्णायक टप्पा त्याच्या साठ वर्षं आधीचा आहे, आणि तो तेलाचा नसून धबधब्यांचा आहे.

7 जून 1905 रोजी नॉर्वेच्या संसदेनं स्वीडनबरोबरचं संयुक्त राज्य संपल्याचं जाहीर केलं. ऑगस्टमधल्या सार्वमतात 3,68,208 मतं विभक्त होण्याच्या बाजूनं पडली, विरोधात अवघी 184. (बायकांना तेव्हा मताधिकार नव्हता, त्यांनी जवळपास अडीच लाख सह्या जमवून आपला कौल वेगळा दिला.) मात्र झेंडा आपला झाला, तरी वीजनिर्मितीजोगे धबधबे भराभर परक्या भांडवलदारांकडे चालले होते. त्याच वर्षी स्थापन झालेल्या नॉर्स्क हायड्रोचं भांडवलही मुख्यतः फ्रेंच आणि स्वीडिश होतं. 1906 मध्ये संसदेनं घाईनं खरेदीवर निर्बंध आणले. त्या कायद्याला ‘घबराटीचा कायदा’ असंच नाव पडलं. 1909 च्या कायद्यानं मात्र तत्त्व पक्कं केलं. खासगी कंपनीला धबधबा मिळेल, पण साठ ते ऐंशी वर्षांच्या मुदतीनं. मुदत सरली की धरण आणि यंत्रांसकट सगळं सरकारजमा, तेही मोबदल्याविना. ही तर जप्तीच, अशी ओरड झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1918 मध्ये न्यायालयानं संसदेची बाजू उचलून धरली.

तेल आलं तेव्हा, निसर्गाची संपत्ती देशाची आणि कंपनीला ती फक्त मुदतीपुरती, ही समज राज्यकारभारात मुरलेली होती. फिलिप्स कंपनीनं 1962 मध्ये समुद्रात शोध घेण्याची परवानगी मागितली. नॉर्वेनं पुढच्याच वर्षी समुद्रतळावर सरकारचा हक्क जाहीर केला. एकोफिस्क तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. 1972 मध्ये सरकारी तेलकंपनी निघाली, 1990 मध्ये तेलाचं उत्पन्न साठवणाऱ्या निधीचा कायदा झाला, 1996 मध्ये पहिली रक्कम जमा झाली. आज तो निधी दीड लाख कोटी डॉलरच्या वर आहे आणि सरकारनं त्यातून वर्षाला सरासरी तीन टक्क्यांच्या आसपासच खर्च करावा, असा दंडक आहे.

छोट्या देशाला हे जमतं, असा आक्षेप हमखास येतो. लोकसंख्या कमी असल्यानं माणशी वाटा मोठा दिसतो, हे खरंच. पण कॅनडातला अल्बर्टा प्रांतही छोटाच, तेलानं समृद्ध, आणि त्याचा निधी तर 1976 चा, म्हणजे नॉर्वेच्याही आधीचा. 1987 मध्ये त्यात तेलाचा वाटा भरणं बंद झालं आणि आज तो नॉर्वेच्या निधीच्या जवळपासही नाही. तेव्हा केवळ आकारानं उत्तर मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: स्वतःच्या रस्त्यांवर विजेच्या गाड्या आणि जगाला तेल विकायचं, हा दुटप्पीपणा नाही का? आहे, आणि त्याचा बचाव करण्याचं कारण नाही. संपत्ती सांभाळण्यातली शिस्त ती मिळवण्याच्या मार्गाला शुद्ध करत नाही. इथं मुद्दा फक्त शिस्तीचा आहे.

गोव्याला हा मुद्दा परका नाही. पोर्तुगीज काळात दिलेल्या खाणींच्या सनदांवर पिढ्यान् पिढ्या लोहखनिज बाहेर गेलं. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खनिजविक्रीच्या दहा टक्के रकमेचा कायमस्वरूपी निधी उभारण्याचा आदेश दिला. नॉर्वेत जे संसदेनं आपणहून केलं, ते इथं न्यायालयाला करायला लावावं लागलं. उरलेल्या खनिजाचं काय करणार, हा प्रश्न गोव्याच्या मतदारांनी आता आपल्या आमदारांना विचारायला हवा.