रोग रेड्याला, औषध पखालीला

मोठ्या दुकानांच्या दाराशी हल्ली एक उपदेश हमखास वाचावयास मिळतो : पर्यावरण राखा, पिशवी घरून आणा. उपदेश चांगला आहे आणि ग्राहकाने तो अवश्य पाळावा. परंतु ज्या दुकानात डाळीपासून साबणापर्यंत बहुतेक जिन्नस प्लास्टिकच्या वेष्टनात मांडलेले असतात, त्याने पर्यावरणाचा विचार ग्राहकाच्या पिशवीपाशीच थांबवावा, यास काय म्हणावे? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातलाच हा प्रकार झाला. मोठ्या दुकानदाराची खरी सत्ता त्याच्या गल्ल्यावर नसून खरेदीच्या वहीत असते. तो काय घेतो, कोणत्या अटींवर घेतो आणि काय नाकारतो, यावर दूरच्या शेतातील पाण्याचे आणि मातीचे भवितव्य ठरत असते.

याचा पडताळा पाहावयाचा असेल तर तापीकाठच्या बुऱ्हाणपुराकडे पाहावे. हे शहर मध्य प्रदेशात असले तरी मराठी माणसाला परके नाही. सीमा ओलांडली की रावेर लागते, आणि केळीच्या बागांना तर ही सीमा ठाऊकच नाही. ज्या जुन्या शहरात सिंधीपुऱ्यासारख्या वस्त्या नांदत आहेत, त्याच्या पाण्याचा प्रश्न अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, मोठ्या शहाणपणाने सोडविण्यात आला. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भुयारांत गोळा करून, शंभराहून अधिक कुंड्यांच्या मालिकेतून, केवळ उताराच्या बळावर ते नगराकडे आणले गेले. हा कुंडी भंडारा २०२४ साली जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत दाखल झाला. जेवढे झिरपेल तेवढेच घ्यावे, हे त्या रचनेचे मर्म आहे.

आज त्याच खोऱ्यात याच्या नेमके उलट घडत आहे. केळीला बारमाही पाणी लागते. ठिबक सिंचनाने शेतकऱ्यांनी पुष्कळ पाणी वाचविले हे खरे. तरीही रावेर व यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी दीर्घकाळ ओळखले जातात. १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी तापी खोऱ्यातील महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला. सरकार भूगर्भात पाणी जिरवू पाहत आहे, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु तेथून माल उचलणाऱ्या मोठ्या खरेदीदारांचे काही कर्तव्य आहे की नाही?

दुकानाच्या फळीवरचे केळे एकसारख्या आकाराचे आणि निष्कलंक हवे, असा आग्रह धरला जातो. ते तसे राहावे म्हणून बागेत घडाभोवती प्लास्टिकचे आवरण चढवावे लागते. शेतकरी त्यास ‘स्कर्टिंग बॅग’ म्हणतात. सालीवर डाग पडला की भाव पडतो, आणि त्या फळासाठी उपसलेले पाणीही मातीमोल होते. आमच्या सालदाटीच्या किंवा रसबाळीच्या सालीवर डाग असला म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाची गोडी कधी कमी झाली आहे काय?

तेव्हा मोठ्या दुकानदाराने काय करावे, हे उघड आहे. डागाळलेले पण सकस फळ त्याने रास्त भावाने घ्यावे आणि वेगळ्या फळीवर स्वस्त विकावे. पाणी राखून पिकविणाऱ्या शेतकऱ्याशी हंगामापूर्वीच भाव ठरवून करार करावा. बागेतील प्लास्टिक परत गोळा करण्याचा खर्च खरेदीच्या भावात धरावा. माल पुन्हा वापरता येतील अशा क्रेटमधून आणावा. दुकानातील उघड्या शीतकपाटांना काचेची दारे बसवावीत आणि वायूची गळती रोखावी. कारण अशा यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या ‘आर-४०४ए’ या वायूची उष्णता वाढविण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट आहे. उरलेले खाण्याजोगे अन्न फेकू नये. फ्रान्सने २०१६ सालीच कायदा करून मोठ्या दुकानांना असे अन्न नष्ट करण्यास मनाई केली आहे.

यावर महागाईचा बागुलबुवा उभा केला जाईल. पण वाया जाणारा माल आणि गळणारी वीज यांचा भुर्दंड ग्राहक आजही भरतोच आहे. अमेरिकेतील वॉलमार्टने २०१७ साली आपल्या पुरवठादारांकरवी २०३० पर्यंत १०० कोटी टन उत्सर्जन टाळण्याचा संकल्प सोडला आणि तो २०२४ मध्येच पुरा झाल्याचे जाहीर केले. हा हिशेब कंपनीचा स्वतःचा आहे, हे विसरता कामा नये. स्वतःच्या कारभारातील उत्सर्जनाची उद्दिष्टे बहुधा हुकणार, अशी कबुलीही तिने त्याच वर्षी दिली. परंतु खरेदीदाराने अट घातली की पुरवठादार हलतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

परदेशाकडेच पाहिले पाहिजे असेही नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ करून, महिन्याची मागणी आधी नोंदवून, माल एकत्र आणून वाटून घेण्याची पद्धत रुजविली. जेवढी मागणी तेवढीच खरेदी! कुंडी भंडाऱ्याचे मर्म किराणा मालात उतरावे, ते याहून वेगळे काय असणार? गोव्यात २०२४ साली ठेव-परतावा योजना अधिसूचित झाली आहे. रिकामे वेष्टन परत घेऊन ग्राहकाची ठेव चुकती करण्याचे काम मोठ्या दुकानांनी आपण होऊन अंगावर घ्यावे, अशी आमची सूचना आहे.

ग्राहकालाही आम्ही मोकळे सोडू इच्छित नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात ग्राहकापर्यंत पोचून वाया जाणाऱ्या अन्नापैकी १२ टक्के दुकानांत, तर ६० टक्के घरांत वाया जाते. निष्कलंक फळाचा हट्ट शेवटी आपलाच असतो. तापी ज्या अरबी समुद्राला मिळते, त्याच्याच काठी आपण राहतो. तिच्या खोऱ्यातील पाण्याची काळजी ही केवळ तेथल्यांचीच नव्हे. पुढच्या वेळी दुकानात जाताना कापडी पिशवी अवश्य न्यावी. पण व्यवस्थापकाला एवढेही विचारावे की, हा माल कोठून आला आणि तुम्ही तो कोणत्या अटीवर घेतला? हा प्रश्न शंभर ग्राहकांनी विचारला, तर त्याचे उत्तर दुकानदाराला खरेदीच्या वहीतच शोधावे लागेल.