कमरेचं काडतूस आणि चार हात जमीन



मागच्या उन्हाळ्यात दिरांकडे ॲरिझोनात महिनाभर राहून आले. घर अगदी आपलं. कांदा-लसूण नाही, पाणी गाळून, जेवण दिवस मावळायच्या आत. देव्हाऱ्यात पार्श्वनाथ. पण सकाळी वाळवंटात फिरायला निघताना भाऊजींच्या कमरेला रिव्हॉल्व्हर! "वहिनी, ही काडतुसं माणसासाठी नाहीत हो, फक्त सापासाठी," असं ते म्हणाले. मला त्याने बरं वाटावं, अशी त्यांची समजूत असावी.

या काडतुसात एक मोठी गोळी नसते, शंभरावर बारीक छर्रे असतात. तिकडे रॅटलस्नेक फार, म्हणून फिरायला जाणारे काही लोक ती बाळगतात. भाऊजींचं म्हणणं, "गृहस्थाला विरोधी हिंसेची मोकळीक आहे. साप अंगावर आला तर काय करायचं?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं सरळ उत्तर देते.

विरोधी हिंसा म्हणजे चालून आलेल्याला अडवताना नाइलाजाने घडते ती. रॅटलस्नेक माणसाचा पाठलाग करत नाही. तो पडून असतो आणि शेपटीचा खुळखुळा वाजवून सांगतो की बाबा, लांब राहा. त्याची झेप साधारण त्याच्या अंगाच्या निम्म्या लांबीची, म्हणजे चार फुटी सापाची दोनेक फूट. आणि या छऱ्र्यांचा भरवसा किती? रिव्हॉल्व्हरच्या नळीतल्या आट्यांमुळे छर्रे लगेच फाकतात. दहा-बारा फुटांपलीकडे ते जवळपास निकामी. म्हणजे नेम धरायला सापाजवळच उभं राहायला हवं, आणि जिथून नेम धरता येतो तिथून दोन पावलं मागे सरलं की काम भागतं. मग मोकळीक कसली? घरी बसून, ठरवून, सापाच्या नावाने भरलेलं काडतूस ही संकल्पी हिंसाच झाली.

बरं, साप जागीच मरेल असंही नाही. अर्धवट जखमी होऊन दगडाखाली जाईल आणि तडफडत राहील. खडकावर आपटून उलटलेला छर्रा कुणाच्या डोळ्यात जाईल ते वेगळंच. आणि आधीच चावला असेल, तर साप मारून विष उतरत नाही. तिथे लागतं ते हॉस्पिटल. अमेरिकेत वर्षाला सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात, दगावतात साधारण पाच. बऱ्याच जणांना तर सापाला पकडायला किंवा मारायला गेल्यामुळेच चावा बसतो.

पण मला खरा चटका लागला तो पुतण्याच्या बोलण्याने. दहा वर्षांचं पोर. बुटाचे बंद बांधताना म्हणतं, "आज तरी साप दिसू दे, म्हणजे बाबा मारतील." मैत्रिणींनो, एकही साप मेला नव्हता, काडतूस उडालं नव्हतं, तरी त्या घरात भावहिंसा रोज सकाळी घडत होती. हत्यार जवळ असलं की मन त्याला काम शोधतं. याचसाठी अनर्थदंडात अपध्यान सांगितलं आहे.

आणि हे कोणापुढे? ज्यांच्या मस्तकावर धरणेंद्राने फणा धरला, त्या पार्श्वनाथांपुढे! आगीत होरपळणाऱ्या नाग-नागिणीला ज्यांनी णमोकार ऐकवला, त्यांचा फोटो देव्हाऱ्यात आणि छर्रे कमरेला?

उपाय आपल्याकडे आधीपासून आहे. ईर्यासमिती: चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकणं. चार हात म्हणजे सहा फूट, सापाच्या झेपेच्या बाहेर! मुनींचा हा नियम चालताना आपणही पाळू शकतो. कानातली गाणी बंद, घोट्यावर येणारे बूट, हातात काठी, अंधार पडल्यावर बॅटरी, दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. एवढं केलं तर सापही वाचतो आणि आपणही.

आता तुम्ही म्हणाल, ही अमेरिकेची गोष्ट, आपल्याला काय? परसात साप निघाला की आपण काय करतो? सर्पमित्राला फोन करायचा सोडून शेजारच्या गड्याला हाक मारतो. तो काठी घेऊन येतो, आपण तोंड फिरवून णमोकार म्हणतो, आणि वर त्याला चहा देतो. कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींचं पाप सारखंच, हे पाठशाळेत आपणच मुलांना शिकवतो ना? भाऊजी निदान स्वतःच्या हाताने करायला निघाले होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांना हे सगळं बोलले. त्यांनी वाद घातला नाही, पण काडतुसंही काढली नाहीत. पुतण्याला मात्र मी चार हात मोजायला शिकवून आले. परवा फोनवर म्हणाला, "काकू, साप दिसला. मी मोजलं आणि मागे आलो." बाबांनी काय केलं, ते मी विचारलं नाही. तुम्ही आपापल्या घरी विचारा.