जर्मनींतील अठरा महिने

जर्मनींत शिकून तेथेंच नोकरी धरावी, ही इच्छा अनेक विद्यार्थिबंधूंच्या मनांत असते. तिकडे पदवी घेतलेल्या परक्या विद्यार्थ्यास नोकरी शोधण्यासाठीं कायदा 18 महिने राहूं देतो. मग अडतें कोठें? भाषेपाशीं! अभ्यासक्रम इंग्रजींतून मिळतो खरा, परंतु कारखान्यांतील व कचेऱ्यांतील बराचसा व्यवहार जर्मन भाषेंतच चालतो. दोन वर्षें इंग्रजीवर निभावून नेणाऱ्यास पुढील 18 महिने पुरणें कठीण, असें आमचें स्पष्ट मत आहे. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनांत ही भाषा शिकवितात. विमानाच्या तिकिटाआधीं तेथें पैसे खर्चावे. शिकत असतां वर्षाकाठीं 140 पूर्ण दिवस काम करण्याची मुभा 2024 पासून आहे. भाषा येत नसेल तर ते दिवस बहुधा भांडीं घासण्यांतच जातात. येत असेल तर आपल्या विषयाच्या कचेरींत शिरकाव होऊन पदवीआधींच धनी ओळखीचा होतो.