दाढेचा काय गुन्हा?

कानाच्या अगदी पुढे बोट टेकवून तोंड उघडा, मिटा. बोटाखाली जे सरकतं तो जबड्याचा सांधा. उजवा-डावा असे दोन सांधे, पण हाड एकच. त्यामुळे एकाने राबायचं आणि दुसऱ्याने आराम करायचा ही सोय नाही. तोंड मोठं उघडलं की हा सांधा नुसता फिरत नाही, मधल्या चकतीसकट पुढे घसरतो. चकती जागची हलली की ‘कट्’ वाजतं. नुसतं वाजत असेल, दुखत नसेल, तर त्याच्या मागे लागू नये.

दुखायला लागलं की मात्र वरात निघते. कान ठणकतो म्हणून कान-नाक-घसावाल्यांकडे, दाढेत कळ येते म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे, डोकं धरलं की मेडिकलमधून गोळी. अमेरिकेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली कानाच्या तक्रारींचा धागा या सांध्याशी जोडला आणि खापर फोडलं पडलेल्या दाढांवर, बदललेल्या चाव्यावर. त्यांची उपपत्ती पुढे टिकली नाही; दातांवरचा संशय मात्र टिकला. मानेची चौकशी सगळ्यात शेवटी, झालीच तर.

मानेचा संबंध पाहायला एक्स-रे लागत नाही. ताठ बसून दाढा अलगद टेकवा. मग छताकडे बघत टेकवा, मग हनुवटी छातीला लावून. दर वेळी दात थोड्या वेगळ्या जागी भेटतात. डोकं हललं की खालचा जबडाही जागा बदलतो. पुण्याच्या पेठांतल्या एखाद्या अभ्यासिकेत संध्याकाळी डोकवावं. रांगेने पोरं-पोरी पोक काढून बसलेली, मान कासवासारखी पुढे आलेली, नजर लॅपटॉपवर. डोकं पुढे जाऊनही नजर समोर ठेवायची तर मानेचा वरचा भाग मागे मुडपावा लागतो. मग हनुवटीखालचे स्नायू ताणले जातात आणि जबड्याला खाली-मागे ओढतात. तोंड उघडं पडू नये म्हणून गालातले चावायचे स्नायू तो धरून ठेवतात. त्यात परीक्षेची धास्ती, म्हणजे दातांवर दात. शिवाय चेहऱ्याच्या आणि मानेच्या वरच्या भागाच्या वेदना मेंदूच्या बुडाशी एकाच ठाण्यावर नोंदल्या जातात. दुखते मान आणि कळ जबड्यात, असं होतं ते त्यामुळे.

म्हणून लगेच सगळं पाप मानेच्या माथी मारण्याचंही कारण नाही. पोक काढणाऱ्या प्रत्येकाचा जबडा दुखत नाही आणि ताठ कण्याच्या माणसाचाही दुखतो. झोपेत दात खाणं, मानसिक ताण, जुना मार, संधिवात अशी कारणं एकात एक गुंतलेली असतात. मुळात दुखण्यामुळे मान आखडते की आखडल्यामुळे दुखतं, यावर संशोधकांचंही एकमत नाही. खांदे मागे खेचणारे पट्टे विकणाऱ्यांना या शंका पडत नाहीत, हे सांगायला नको.

तरीही उपचारांच्या बाजूने कौल बराच स्पष्ट आहे. जबड्याच्या जुनाट दुखण्याबद्दल ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ साली मार्गदर्शक सूचना छापल्या. जोरदार शिफारस केलेल्या उपायांत देखरेखीखाली करायचे शरीराची ठेवण सुधारण्याचे व्यायाम आहेत, जबड्याचे व्यायाम आहेत, फिजिओथेरपिस्टने हाताने सांधा मोकळा करणं आहे, मनावरचा ताण हाताळायला शिकवणारी थेरपी आहे. दातांवर बसवायची काढता-घालता येणारी पट्टी, जी आपल्याकडे पहिल्याच भेटीत हातात पडते, ती शक्यतो टाळण्याच्या यादीत आहे. घरी करण्यासारखं त्याहून सोपं: ओठ मिटलेले, दात सुटे. स्वस्थ जबड्यात वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर फट असतेच. हे वाचताना तुमचे दात एकमेकांना चिकटले असतील तर सोडा.

दोन ठिकाणी मात्र व्यायामाच्या भरवशावर राहू नये. चालताना, जिना चढताना जबडा दुखत असेल आणि थांबल्यावर कमी होत असेल, तर आधी हृदय तपासून घ्या. आणि तोंडात उभी तीन बोटं मावत नसतील, त्यात सुपारी-गुटख्याची सवय असेल, तर तोंडाच्या आतलं अस्तर कडक होत चाललं असण्याची शक्यता आहे. तो कर्करोगाच्या वाटेवरचा आजार आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. टपरीवर विचारून पाहा, कुणाला आठवते का.

बाकीच्यांनी दाताच्या डॉक्टरांकडे जरूर जावं. कीड, पू, आडवी अक्कलदाढ यांचा निकाल त्यांनीच लावायचा. पण दात धडधाकट आहेत आणि ‘चावा जुळवून देतो’ म्हणत कोणी ते घासायला, त्यावर कॅप बसवायला निघालं, तर खुर्चीतून उठावं आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं. मान सुधारायला पुढेही वेळ मिळतो. घासून गेलेलं दाताचं कवच पुन्हा येत नाही.